सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आराखड्यात पोलिसांची झोप कुठे आहे?

माझ्या मिस्टरांची एक दाढ गेल्या वर्षी काढावी लागली. खरं तर ती वाचण्यासारखी होती, डॉक्टरांनी रूट कॅनलच्या ३ सिटिंग सांगितल्या होत्या, पहिली झाली, तात्पुरतं सिमेंट भरून दिलं आणि पुढच्या गुरुवारी या म्हणाले. तो पुढचा गुरुवार १४ महिने आलाच नाही. एकदा कुणाचा दौरा, एकदा मोर्चा, एकदा कुठेतरी दोन गटांत तणाव म्हणून रजा बंद, दर वेळी आम्ही अपॉइंटमेंट घ्यायची आणि आदल्या रात्री साडेदहा-अकराला मोबाईलवर मेसेज पडायचा की उद्या सकाळी ६ ला हजर. मग सकाळी क्लिनिकला फोन करून सॉरी म्हणायचं काम माझं. तिथली रिसेप्शनिस्ट शेवटी शेवटी मला नुसत्या आवाजावरून ओळखायला लागली. मधेच ते सिमेंट पडलं, दाढ आतून सडत गेली, एका रात्री नाकाबंदीला उभे असताना गाल एवढा सुजला की हेल्मेट घालता येईना, पानटपरीवरून लवंग आणून दाबून धरली आणि पहाट काढली त्यांनी. त्यानंतर काढून टाकण्याशिवाय इलाज उरला नव्हता.

हे नाशिकला पोलीस हवालदार आहेत, नोकरीला २४ वर्षं झाली. हे सगळं त्यांनी लिहायला पाहिजे, पण ते लिहू शकत नाहीत. पोलिसांना संघटना करायला आणि पेपरात बोलायला बंधन आहे, १९६६ चा कायदाच आहे तसा. आपल्याकडे पोलिसांची संघटना होती एके काळी, पण १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शिपायांनी काम बंद केलं, शहरात जाळपोळ-लुटालूट झाली, लष्कर बोलवावं लागलं, आणि ती संघटना गेली ती गेलीच. वर्दीतल्या माणसांना बंधनं असावीत हे मला पटतं, हत्यार हातात असलेल्यांनी संप करू नये हेही पटतं. पण मग त्यांचं दुखणं बोलायचं कुणी? घरच्यांनीच ना. म्हणून मी लिहितेय.

आजकाल पोलिसांच्या तब्येतीबद्दल बरंच बोललं जातं, चांगली गोष्ट आहे. तणावमुक्ती शिबिरं होतात, योगा होतो, ध्यानधारणा होते, कणखर कसं राहायचं, मन खंबीर कसं ठेवायचं यावर व्याख्यानं होतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि ते मी आधीच स्पष्ट सांगते. पोलीस माणूस वीस-तीस वर्षं धडधाकट राहील की नाही हे ठरतं त्याची ड्युटी कशी लावली जाते त्यावर. त्यातही सगळ्यात जास्त ठरतं ते एका साध्या गोष्टीवर, की त्याला त्याची सुट्टी आधी कळते का आणि कळलेली सुट्टी खरोखर मिळते का. योगा त्याच्यानंतर येतो. आधी माणूस झोपलेला पाहिजे.

असंच एक शिबिर काही वर्षांपूर्वी झालं होतं, कुठे झालं कुणी घेतलं ते सांगत नाही, त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. ते ठेवलं होतं यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. आदल्या रात्री नाइट करून सकाळी ८ ला घरी आले, आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि १० ला हॉलमध्ये हजेरी. समोर एक सर सांगतायत की डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या. डोळे मिटल्यावर काय होणार, हे बसल्या बसल्या झोपले. आणि एकटे हेच नाही, त्या रांगेतले निम्मे झोपले. मागून कुणीतरी साहेबांनी येऊन खांद्याला हलवून उठवलं आणि सगळ्यांसमोर बोलले. संध्याकाळी घरी आल्यावर मला म्हणाले, अगं ते सर खरंच चांगलं सांगत होते, मला ऐकायचं होतं. हे वाक्य मला अजून टोचतं. ऐकायची इच्छा असलेल्या माणसालासुद्धा ऐकता येऊ नये इतका थकवा, आणि त्या थकव्यावर उपाय म्हणून त्याची एकुलती एक सुट्टी काढून घेतलेली.

हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा असता तर लिहिलंच नसतं. बीपीआरडी म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरो, त्यांनी २०१४ मध्ये पोलीस ठाण्यांमधल्या ८ तासांच्या पाळीवर एक मोठा अभ्यास करून घेतला होता. त्यात निघालं की ठाण्यांमधले जवळजवळ ९० टक्के कर्मचारी ८ तासांपेक्षा जास्त काम करतात आणि ७० टक्क्यांहून जास्त लोकांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी धड मिळत नाही. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांनी देशभरातल्या पोलिसांशी बोलून रिपोर्ट काढला, त्यात सरासरी काम दिवसाला १४ तास आणि निम्म्या लोकांना आठवड्याची सुट्टीच नाही. १४ तास ही सरासरी आहे हे लक्षात घ्या, म्हणजे कितीतरी जण १६-१६ तास करत असणार.

आता या तासांचं शरीरात काय होतं ते बघा. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस हातापायांच्या हालचालीत आणि लक्ष ठेवण्यात तेवढाच चुकतो, जेवढा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस चुकतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता डोळ्यांसमोर आणा, ३१ डिसेंबरची रात्र, गंगापूर रोड किंवा कॉलेज रोड, हातात ब्रेथ अॅनालायझर घेऊन उभा असलेला हवालदार, सकाळी ७ ला उठून दिवसभर ड्युटी करून तिथे आलेला, रात्रीचा १ वाजलाय. म्हणजे १८ तास जागा. ज्या मुलाला तो पकडतोय त्याच्यापेक्षा त्याचं स्वतःचं डोकं कदाचित जास्त जड झालेलं असेल, आणि पहाटे ४ ला तोच हवालदार बाइकला किक मारून घरी निघणार आहे. मी त्या रात्री जागी असते. गेटचा आवाज येईपर्यंत मला झोप लागत नाही.

रात्रपाळीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला कॅन्सरची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत ठेवलंय, बहुधा कारणीभूत असं त्या गटाचं वर्णन आहे. बीपी, शुगर, पोटाचे त्रास, पायांच्या फुगलेल्या शिरा हे तर आमच्या पोलीस लाइनीत घरोघर आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्याकडे आलात तर बहुतेक घरात एक टब दिसेल, कोमट पाण्याचा, मीठ घातलेला. वाकडी बारवपासून मिरवणूक निघते ते शेवटचा गणपती जाईपर्यंत ही माणसं उभी. यांच्या पोटरीवर मोज्याच्या इलॅस्टिकचा जो वळ उठतो ना, तो दोन दोन दिवस जात नाही, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. चाळिशीतल्या माणसाचे पाय आहेत हे सांगूनही खरं वाटणार नाही.

यावर मला नेहमी ऐकायला मिळतं की भरती होताना माहीत नव्हतं का? आमच्या नात्यातलेच लोक म्हणतात. शिवाय कायद्यातच लिहिलंय, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम २८, पोलीस अधिकारी नेहमीच कामावर आहे असं समजलं जाईल. बरोबर आहे. त्याचा अर्थ असा की रस्त्यात काही घडलं तर तो सुट्टीवर असो की सिव्हिल ड्रेसमध्ये, त्याने धावलं पाहिजे. आणि हे धावतातही, भाजी घ्यायला गेलेलो असतानासुद्धा पिशवी माझ्या हातात देऊन धावलेत. पण नेहमी कामावर समजला जाईल याचा अर्थ नेहमी जागा ठेवला जाईल असा कुठल्याही कायद्याने काढलेला नाही. आपल्याच महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी भांडून १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हाही मालक हेच म्हणत असतील की गिरणी बंद कशी ठेवणार. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली त्याला. पोलिसाचा रविवार अजून यायचाय.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, पोलीस आमच्याशी कसे वागतात ते बघा आधी, आणि तुम्ही त्यांच्या झोपेचं सांगताय. मी हे स्वतः भोगलंय. माझा मोबाईल रिक्षात राहिला होता, तक्रार द्यायला एका ठाण्यात गेले, रात्रीचे साडेनऊ, मी कोण आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. ठाणे अंमलदार माझ्यावर असे काही खेकसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाई तुम्हाला मोबाईल सांभाळता येत नाही तर घेता कशाला, असं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते डोळे ओळखीचे वाटले, लाल, कडा सुजलेल्या, समोर बघतायत पण बघत नाहीयेत. तेच डोळे मी घरी बघते. त्यांचं बोलणं चुकीचंच होतं, त्याला माफी नाही, थकलेला आहे म्हणून नागरिकाचा अपमान करायचा किंवा हात उचलायचा हक्क कुणाला मिळत नाही, आणि कोठडीतल्या मारहाणीला तर थकवा हे कारण म्हणून कुणी सांगू नये, मी पोलिसाची बायको असून सांगते. पण उद्या माझ्या जागी एखादी मुलगी पाठलागाची तक्रार घेऊन आली आणि समोर तेच डोळे असले तर ती परत येणार नाही. नुकसान तिचं आहे. म्हणून पोलिसाची झोप ही त्याच्या बायकापोरांपुरती गोष्ट राहत नाही, ती त्या टेबलासमोर बसणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट आहे.

तिसरं म्हणजे माणसंच नाहीत, जागा रिकाम्या आहेत, ८ तास कसे देणार. भरती व्हायलाच पाहिजे, प्रश्नच नाही. पण भरती होईपर्यंत काहीच करता येत नाही हे मला मान्य नाही, कारण मुंबईत करून दाखवलेलं आहे. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात ८ तासांची ड्युटी सुरू झाली, ८ तास काम आणि १६ तास आराम, आणि ती योजना कुठल्या मोठ्या समितीने आखली नव्हती, एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने आकडेमोड करून आयुक्तांपुढे मांडली होती. आयुक्तांनी ती ऐकली ही मोठी गोष्ट. मग एकेक करत २०१८ पर्यंत मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांत ती नेली. २०२१ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी १२ वरून ८ तासांवर आणायचं राज्याने ठरवलं. नंतर हे कुठे टिकलं कुठे ढेपाळलं, बंदोबस्त आला की पहिलं तेच मोडतं. पण आहेत त्या माणसांतच जुळणी करून बरंच काही बसवता येतं हे त्यातून सिद्ध झालंय.

आणि जुळणीत वाया जाणारे तास किती आहेत ते कुणी बघावं. मिरवणूक दुपारी निघणार असते आणि माणसं पहाटेपासून पॉइंटवर उभी. दौऱ्याची गाडी दोन तास लेट, तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कर्मचारी ताटकळत, त्यात महिला पोलिसांना जवळपास बाथरूमसुद्धा नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे माझ्या मैत्रिणीने मला सांगितलंय, तिला त्यापायी दोनदा युरिन इन्फेक्शन झालं. संध्याकाळी काम संपलं तरी सुटी द्यायला कुणी नाही, कारण वरून मेसेज आला नाही. हे तास कुणाच्याच कामाचे नसतात, चोर त्याने पकडला जात नाही की गर्दी सांभाळली जात नाही.

माझ्या हातात असतं तर मी पहिला नियम हा केला असता की महिन्याची सुट्टी महिन्याच्या १ तारखेला कागदावर लागली पाहिजे आणि ती मोडायची असेल तर मोडणाऱ्या साहेबांनी कारण लिहून सही करायची आणि बदली सुट्टीची तारीख त्याच कागदावर टाकायची. एवढंच. पैसे लागत नाहीत त्याला. तासांपेक्षाही आधी कळणं मोठं आहे, हे ज्यांनी त्या रात्री अकराच्या मेसेजची वाट बघत आयुष्य काढलंय त्यांनाच कळेल. सुट्टी मिळणार असली तरी मिळेपर्यंत खात्री नसते, म्हणून त्या सुट्टीतही माणूस सैल पडत नाही, फोन उशाशी, स्क्रीन वर करून. आमच्या मुलाने दहावीत असताना एकदा जेवताना ताट आपटलं, मुद्दाम नव्हे, हातातून सटकलं, तर हे असे दचकून उभे राहिले आणि त्याच्यावर ओरडले की पोरगं थरथरायला लागलं. मग स्वतःच खाली बसून ती भाजी पुसायला लागले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

आपली पोलीस अकादमी त्र्यंबक रोडलाच आहे, राज्यभरातले पीएसआय तिथे घडतात. तिथून बाहेर पडणारा प्रत्येक जण पुढे तीस वर्षं कुणाची ना कुणाची ड्युटी लावणार आहे. ड्युटी लावणं ही एक विद्या आहे, कोणाची नाइट कधी झाली, कोण सलग किती दिवस उभा आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे सगळं धरून पत्रक बसवणं सोपं नाही. कवायत आणि गोळीबाराइतकंच महत्त्व तिला तिथे मिळालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता मनाचं. हे नोकरीला नवे होते तेव्हा २००३ चं सिंहस्थ आलं. २७ ऑगस्टला सरदार चौकाच्या बाजूला चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. आमचं लग्न त्यानंतर झालं, आणि त्या दिवसाबद्दल १२ वर्षं मी यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही, फक्त तिथे होतो एवढंच. मग २०१५ चं सिंहस्थ आलं, पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला होतं, आदल्या दिवशी दुपारी बूट पॉलिश करत बसले होते ओट्यावर आणि मधेच ब्रश थांबला. म्हणाले, मला त्या दिवशी चपला गोळा करायला लावल्या होत्या. ढीग झाला होता चपलांचा आणि पिशव्यांचा. एका पिशवीत पितळेची डबी होती, हळदीकुंकवाची, झाकण उघडलेलं, सगळ्या पिशवीभर कुंकू सांडलेलं, ते माझ्या हाताला लागलं आणि मी गंगेवर (आपल्या गोदावरीवर) जाऊन हात धूत बसलो, निघेचना. एवढं बोलले आणि परत ब्रश मारायला लागले. मी काही बोलू शकले नाही. बारा वर्षं तो माणूस ते मनात घेऊन नाकाबंदी करत होता, पंचनामे करत होता, रेल्वेलाइनवरची, विहिरीतली, गळफासाची बॉडी उतरवत होता, आणि या सगळ्या काळात एकाही माणसाने त्याला विचारलं नाही की बाबा रे, तुला झोप लागते का.

नाशिकच्या माणसाला गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती माहीत आहे. गंगेला पाणी वाढलं की आपण एकमेकांना विचारतो, मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलं का, कमरेपर्यंत आलं का, छातीला लागलं का, आणि त्यावरून शहर ठरवतं की दुकानं कधी उचलायची. पोलिसाच्या आत किती पाणी चढलंय हे दाखवणारी अशी कुठलीच खूण त्यांच्या खात्यात ठेवलेली नाही. माणूस बुडाल्यावरच कळतं, म्हणजे दारूचा वास आल्यावर, गैरहजर राहिल्यावर, किंवा कुणी जीवच दिल्यावर. आणि तोवर त्याच्या नावावर दोन-तीन कसुऱ्या, म्हणजे कामात कसूर केल्याच्या नोंदी, लागलेल्या असतात, कारण कागदावर त्याचा आजार हा बेशिस्त म्हणूनच दिसतो.

मदत घ्यायची म्हटली तरी सोपं नाही. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, हा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. पण पोलीस माणूस सहसा फोन करत नाही, कारण भीती असते की कळलं तर वेडा म्हणतील, साइड पोस्टिंगला टाकतील, हत्यार काढून घेतील. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्याच्या कलम २३ मध्ये उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, तो हक्क वर्दी घातल्याने जात नाही, हे ठाण्याठाण्यात मोठ्या अक्षरात लावलं पाहिजे. आणि मोठी घटना झाली, अपघात, चेंगराचेंगरी, लहान मुलाची बॉडी, तर त्या पॉइंटवरच्या प्रत्येकाला तीन दिवसांत एका समुपदेशकासमोर बसवायचं, सगळ्यांना, साहेबांसकट. सगळेच जात असले की कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने चहा पिऊन यावं, हरकत नाही. पण त्याची फाइल ऑफिसला जाता कामा नये.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण समोर आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, कॅमेरे, सगळ्याच्या बातम्या रोज वाचतोय. पण २०२७ चं कॅलेंडर पोलिसांच्या नजरेने एकदा बघा. पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाही स्नान, २ ऑगस्टला, सोमवारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागतो. श्रावणातले सगळे सोमवार त्र्यंबकला गर्दी, त्यात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी म्हणजे रात्रभर बंदोबस्त. मधे १५ ऑगस्ट. ३१ ऑगस्टला दुसरं स्नान. ४ सप्टेंबरला गणपती बसणार. ११ ला तिसरं स्नान नाशिकला, १२ ला त्र्यंबकला, म्हणजे भर गणेशोत्सवात, आणि १४ ला अनंत चतुर्दशी, विसर्जन. हे ४४ दिवस एका श्वासात आहेत. बाहेरच्या जिल्ह्यातून कुमक येईल, दर वेळी येते, शाळांत आणि मंगल कार्यालयांत सतरंजीवर झोपते, एका नळाला पन्नास माणसं. पण गल्ल्या माहीत असलेला, कुठला बोळ कुठे निघतो हे डोळे मिटून सांगणारा माणूस स्थानिकच असतो, तो या ४४ दिवसांत सुटणार नाही. आणि गर्दीत कुठला लोंढा कुठे वळवायचा, बॅरिकेड कधी उघडायचं, हा निर्णय घ्यायला दहा-पंधरा सेकंद असतात. तो निर्णय १७ तास जागलेल्या डोक्याने घ्यावा असं कुठल्या भाविकाला वाटेल?

म्हणून आरामाची सोय ही बंदोबस्ताच्या आराखड्यातच पाहिजे, तंबू, पाणी आणि वायरलेसच्या बरोबरीने. प्रत्येक सेक्टरला अंधाऱ्या खोल्या, खाटा, पंखे, महिलांसाठी वेगळं बाथरूम, रामकुंडावर रात्र काढलेल्याने पाच किलोमीटर लांब झोपायला जायचं नाही. पॉइंटवरची पाळी ८ तासांची, आणि दुसरा माणूस पॉइंटवर येऊनच पहिल्याला सोडवणार. प्रत्येक स्नानानंतर स्थानिक कर्मचाऱ्यांना आळीपाळीने सलग दोन दिवस पूर्ण सुट्टी, तारखा आत्ताच जाहीर करून. गर्दीचे आकडे वर्षभर आधी मांडता येतात तर हे का नाही मांडता येणार?

गेल्या रविवारी आमच्या लाइनीतल्या १७ जणी एकत्र बसलो होतो, मागच्या वडाखाली. फोनमध्ये २०२७ चं कॅलेंडर उघडलं आणि एका वहीत या सगळ्या तारखा लिहून काढल्या. मग प्रत्येकीने आपापल्या घरची अडलेली कामं सांगितली, एकीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकीच्या मिस्टरांच्या गुडघ्याचा एमआरआय, एक तर म्हणाली मला फक्त माहेरी जाऊन यायचंय दोघांनी मिळून, आठ वर्षं झाली. ती सगळी कामं वहीत तारखांसमोर लिहिली. त्याचं एक निवेदन करायचं ठरलंय, सह्या आमच्या, नवऱ्यांच्या नाहीत. नुसतं आयुक्तांना द्यायचं की ग्रामीण पोलिसांच्या साहेबांना आणि कुंभमेळा प्राधिकरणालाही द्यायचं यावर बराच वाद झाला, ते पुढच्या रविवारी ठरेल. तोवर टायपिंग कोण करणार हा प्रश्न होता, ते मी घेतलंय.